किटली रिकामी परत द्यायची नाही

आमच्याकडे कुणाचं भांडं घरात आलं तर ते रिकामं परत करत नाहीत. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालून देतात. हे मला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. चपला दाराबाहेर काढाव्यात तसं ते अंगात होतं. हॅम्बर्गला येऊन वीसेक वर्षं झाली, बऱ्याच सवयी गळून पडल्या, ही राहिली. ती दुसऱ्याला किती जड जाऊ शकते हे समोरच्या बाईंमुळे कळलं.

नवरा गेल्यावर मी मोठा फ्लॅट सोडून दोन खोल्यांच्या जागेत आले. मुलगी म्युनिकला नोकरीला लागली होती आणि चार खोल्यांची खिडक्या-दारं पुसत बसण्यात मला रस नव्हता. खोकी उघडून होतायत तोच बेल वाजली. दारात एक बाई. ऐंशीच्या पुढच्या, केस बारीक कापलेले, पाठ ताठ. हातात बशी, बशीत सफरचंदाचा केक.

"मोइन," त्या इकडचा नमस्कार करत म्हणाल्या. "जिना एक आठवडा तुम्ही पुसायचा, एक आठवडा मी. तुमचा आठवडा सोमवारपासून. हा केक." आणि वळून समोरच्या दारातून आत गेल्या.

मी बशी चिवडा घालून परत केली. काही दिवसांनी ती माझ्या पायपुसण्यावर होती, आलुबुखार भरून. मी शंकरपाळे दिले. त्यांच्याकडून अक्रोड आले. मी नारळाच्या वड्या केल्या. असा तो सगळा हिवाळा बशी दोन दारांमधून ये-जा करत राहिली. शेवटी एका शनिवारी बाई ती हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"आल्झो, तर एक विचारायचंय. हे कधी थांबतं?"

"काय?"

"ही बशी. तुम्ही नवीन होतात म्हणून मी केक दिला. माझ्या दृष्टीने विषय तिथे संपला होता. आता मी बाजारात गेले की तुमच्या बशीत काय घालायचं याचा विचार करत उभी राहते. आज मला काही सुचलं नाही."

"रिकामी द्या. चालेल."

"तुम्ही देत नाही."

"आमच्यात रिकामं भांडं परत करत नाहीत."

"कधीच?"

"कधीच."

त्यांनी बशीकडे असं पाहिलं की जणू तिचीच चूक होती. "मग बशी माझ्याकडेच राहील. तुम्ही रविवारी चार वाजता या. हात हलवत या."

मी गेले. पुढच्या रविवारीही गेले. नंतर विचारायची गरज उरली नाही.

त्या रविवारांचं मोल सांगायचं तर आधी बाकीचा आठवडा सांगावा लागेल. मी बंदरातल्या मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्याने लिहिलेलं कुठे मोडतं ते शोधणं हे माझं काम. आमच्या कंपनीने ऑफिसचे दोन मजले सोडून दिले आणि सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं, तेव्हापासून सहकारी म्हणजे पडद्यावरचे चौकोन झाले, तेही बहुतेक वेळा काळे. महाराष्ट्र मंडळात गणपतीला जाते. तिथे सगळी तरुण जोडपी, त्यांच्या पोरांची जर्मनमधली भांडणं, आणि मी काकू. जोडपी जोडप्यांना जेवायला बोलावतात. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, टेबलाला खुर्च्या जोडीने असतात एवढंच. मुलगी रोज फोन करते, पण ट्रेनमधून, आणि बोगदा आला की संपतं. माझं खरं बोलणं, म्हणजे समोर माणूस आहे, त्याने भुवई उडवली, मी वाक्य बदललं असं बोलणं, रविवारी चार ते सहा होत असे. बाकी आठवडाभर मी कुकरशी बोले.

बाईंच्या बैठकीच्या खोलीत एक भिंतभर काचेचं कपाट होतं आणि त्यात किटल्या. सगळ्या इंग्लंडमधल्या, सगळ्या जुन्या, सगळ्या स्टोनवेअरच्या. म्हणजे अशी माती की जी खूप तापवली की दगडासारखी होते, पाणी शोषत नाही. पहिल्या दिवशी मी त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चहा कुठल्या किटलीतून देणार?"

"थर्मासमधून," त्या म्हणाल्या.

"आणि ह्या?"

"ह्यांच्यातून चहा पीत नाहीत."

"मग काय करतात?"

"बघतात."

मला हे पटलं नाही, अजून पटत नाही. पण बघायला शिकले. बाई आयुष्यभर दातांच्या कवळ्या बनवत होत्या. माती, साचा, भट्टी हे त्यांचं रोजचं काम. लग्न केलं नाही. एका सुट्टीत इंग्लंडमधल्या जुन्या बाजारात त्यांनी एक किटली उचलली, तिच्या पोटावर साच्याची शिवण दिसली, ती कुणी किती काळजीने घासून काढली होती हे दिसलं, आणि ती घेऊनच त्या परतल्या. मग दर सुट्टीत एक. गुलाब, मेंढपाळ, सोन्याच्या कडा असल्या गोष्टींचा त्यांना राग होता. निळ्यावर पांढरी नक्षी असलेल्या प्रसिद्ध प्रकाराची त्यांच्याकडे एकही किटली नव्हती. "ती सगळ्यांच्या आत्याकडे असते," त्या म्हणत. "लग्नाच्या केकसारखी."

मी जाऊ लागले त्यानंतर वर्षभरात त्यांची नजर गेली म्हणायला हरकत नाही. मध्यभागी धुकं आणि कडेने थोडं दिसतं असा प्रकार. त्यामुळे किटल्या पुसण्याचं काम माझ्याकडे आलं. साबण नाही, फडकं नाही. दाढीचा ब्रश आणि कोमट पाणी, एका वेळी एकच किटली, झाकण वेगळं आणि ज्याचं त्याच्याच शेजारी. मी सुरुवातीला आपल्या पद्धतीने सगळी झाकणं एका परातीत गोळा केली होती. ब्रशच्या आवाजावरून त्यांना कळलं.

"झाकणं कुठे आहेत?"

"एकत्र ठेवलीत. नंतर लावते."

"तुम्ही दहा लोकांच्या कवळ्या एका ताटात ठेवून नंतर लावता का?"

त्यानंतर मी झाकणं हलवली नाहीत.

पुसून झालं की किटली त्यांच्या मांडीवर ठेवायची. त्या बोटांनी वाचत आणि मला विचारत. मला परीक्षा द्यायला आवडत नाही, पण उत्तर चुकलं की त्यांना जो आनंद होई तो पाहण्यासारखा असे.

लाल किटल्या सगळ्यात जुन्या घराण्यातल्या. चीनमधून चहाबरोबर लाल मातीच्या छोट्या किटल्या आल्या, त्या पाहून इंग्रजांनी तशाच केल्या. बुडाला चिनी शिक्कासुद्धा मारला. तो चिनी नाहीच. नुसत्या चौकोनी रेघोट्या. "कुणाला वाचता येणार होतं?" बाई म्हणाल्या. त्यांच्यावर फुलांच्या फांद्या चिकटवलेल्या असत. त्या फांद्या वेगळ्या साच्यात दाबून काढायच्या आणि पातळ चिखल लावून किटलीच्या पोटावर बसवायच्या. मी म्हटलं, करंजीची कड दुधाचं बोट फिरवून चिकटवतात तसं. त्यांना करंजी माहीत नव्हती. पुढच्या वेळी नेली. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, कातणाच्या नागमोडीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. ज्याने हे केलं त्याला नोकरी मिळाली असती."

मग पांढऱ्या, मिठाच्या झिलईच्या. भट्टी ऐन तापली की तिच्यात मीठ फेकायचं. त्याची वाफ मातीवर बसते आणि काचेसारखी पातळ साय येते, पण गुळगुळीत नाही. बारीक खड्डे असतात, संत्र्याच्या सालीला असतात तसे. एकीची तोटी आणि कान काटेरी फांदीच्या आकाराचे होते, झाडावरून तोडून लावल्यासारखे. एक तर चक्क घर होतं, खिडक्या-दारांसकट, आणि छपरातून चहा ओतायचा. मी त्या सालीवरून अंगठा फिरवला आणि मला आमच्या घरातली लोणच्याची बरणी आठवली. खालून पांढरी, वरून तपकिरी. तिची कातडी अशीच होती.

"आमच्याकडे असल्या बरण्यांत लोणचं भरतात," मी म्हटलं.

"मिठाची झिलई?"

"तीच. आणि आत पुन्हा मीठ."

त्यांना ते फार आवडलं. आल्या-गेल्याला सांगत, म्हणजे मला आणि पोस्टमनला. दुसरं कुणी येत नव्हतं.

काळ्या किटल्या त्यांना सगळ्यात प्रिय. लोखंड घातलेली काळी माती, बाहेरून झिलई नाही, हाताला कोरड्या पाटीसारखी लागते. काहींवर लेथवर फिरवून कोरलेल्या रेषा, इतक्या सारख्या की बोट घसरत जातं. काहींवर ग्रीक बायका नाचतायत. एकदा मी काळी किटली धरून ओतण्याची नक्कल करत होते तेव्हा बाई म्हणाल्या, "ह्या बायकांना का आवडायच्या माहीत आहे? काळ्यावर गोरा हात आणखी गोरा दिसायचा. असं सांगतात."

मी माझ्या हाताकडे पाहिलं. "मग मी कुठली धरू?"

त्यांना माझा हात दिसत नव्हता. पण त्यांनी थोडा विचार केला, उठल्या, कपाट चाचपत खालच्या फळीवर गेल्या आणि एक फिकट पिवळी किटली काढून दिली. "ही. हिला कुणाचा हात चालतो."

ती बांबूच्या रंगाची होती. नुसती रंगाची नाही, आकाराचीही. बांबूचे जाड तुकडे शेजारी शेजारी बांधून मोट केल्यासारखं तिचं पोट, प्रत्येक तुकड्याला गाठ, कान बांबूचा, तोटीही बांबूची. तोटीच्या टोकाचा टवका उडालेला. मला ती पाहताक्षणी आवडली, कारण ती किटली होण्याआधी टोपली किंवा सूप होण्याच्या विचारात असावी असं वाटत होतं. बाईंच्या मते ती कपाटातली सगळ्यात साधी वस्तू होती.

सगळ्यात मोठ्या काळ्या किटलीच्या झाकणावर धरायला गोंडा नव्हता. तिथे एक बाई बसली होती. इवलीशी, डोक्यावरून वस्त्र घेतलेली, मान खाली. आमच्याकडे पदर घेतात तसा. झाकण उचलायचं तर तिच्या डोक्याला चिमटीत धरावं लागे.

"ही कोण?" मी विचारलं.

"विधवा. या झाकणाला धंद्यात विधवाच म्हणतात."

मी ब्रश फिरवत राहिले. बाईंना माझ्या नवऱ्याचं माहीत होतं. पहिल्याच महिन्यात दारावरची पाटी एकाच नावाची का, असं त्यांनी सरळ विचारलं होतं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तुम्ही तिच्यासारख्या बसत नाही."

"मला वेळ नाही," मी म्हटलं. त्यावर आम्ही दोघी हसलो. ती काळी बाई मात्र मला कधीच आवडली नाही.

मग त्या स्वयंपाकघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आवाज मी ऐकला, माझ्याकडे किल्ली होती, ॲम्ब्युलन्स मी बोलावली. हॉस्पिटलमधून त्या घरी परत येणार नाहीत हे त्यांच्या भाच्याने मला जिन्यात सांगितलं. भाचा ब्राउनश्वाइगला इंजिनिअर होता, सभ्य माणूस, दर वेळी बूट पुसून आत येणारा. त्याने नदीपलीकडे एक हाइम शोधलं होतं, म्हणजे वृद्धांसाठीची संस्था. तिथे एक खोली, एक पलंग, एक कपाट. किटल्या घ्यायला एक व्यापारी येणार होता. फ्लॅट महिनाअखेर सोडायचा होता.

हे ऐकताना माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो किटल्यांचा नाही आणि खरं तर बाईंच्या हाडाचाही नाही. रविवारी चार वाजता मी कुठे जाणार, हा आला. स्वार्थी विचार होता, पण आला तो असा.

व्यापारी यायच्या आदल्या दिवशी भाच्याने बाईंना चाकाच्या खुर्चीतून घरी आणलं. एका दुपारपुरतं. त्या कोट न काढता कपाटासमोर बसल्या आणि मला म्हणाल्या, "एक निवडा."

"कशाला?"

"माझ्याकडे वेळ थोडा आहे. निवडा."

मी कपाटाकडे गेले. भाचा कागदात गुंडाळायचं काम थांबवून पाहत होता. मी विधवा उचलते की काय अशी त्याला काळजी असावी, तिला सर्वांत जास्त किंमत येणार होती. मी खाली वाकून बांबूची किटली काढली.

बाईंनी हात पुढे केला, गाठी चाचपल्या, टवका सापडला. "घरात एवढं असताना फुटकी घेतलीत."

"हिचं तोंड रुंद आहे. बोटं आत जातात. आतून धुता येते."

"बघ!" त्या भाच्याला म्हणाल्या. "ऐकलंस? मी हिला वर्षानुवर्षं शिकवलं. धुता येते म्हणे." मग माझ्याकडे वळल्या. आवाज बदलला. "ही तुमची. भेट. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याची. आता आपण दोघी मोकळ्या. आणि तुम्ही हाइममध्ये येऊ नका."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "का?"

"माझी एक सहकारी होती. शेजारच्या टेबलावर बसायची, एका दिव्याखाली आम्ही दात लावायचो. ती हाइममध्ये गेली तेव्हा मी म्हटलं, रविवारी येईन. गेले. पुन्हा गेले. मग पाऊस होता, मग सर्दी होती, मग बस बदलली. नंतर तिथल्या नर्सने सांगितलं, ती दर रविवारी जेवणानंतर चांगलं जाकीट घालून खिडकीशी बसायची. मला जाकीट घालून बसायचं नाही. तुम्ही येणार नाही हे आत्ता माहीत असलेलं मला चालतं."

"मी तशी नाही," असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. त्याही तशा नव्हत्याच ना. मी किटली टॉवेलमध्ये गुंडाळली, त्यांचा हात हातात घेतला, आणि समोरच्या दारातून माझ्या घरी गेले. आमचं नातं अहो-जाहोचं होतं. जर्मनमधलं 'डू', म्हणजे 'तू', आम्ही एकमेकींना कधी म्हटलं नाही. त्यामुळे भांडायची सोय नव्हती.

त्यानंतरचे रविवार वाईट गेले. पहिल्या रविवारी मी खिडक्या पुसल्या. दुसऱ्या रविवारी खिडक्या स्वच्छच होत्या. समोरच्या फ्लॅटमध्ये एक विद्यार्थी आला. जिन्याचं सांगायला मी गेले, हातात बशी घेऊन, पण त्याने कानातली यंत्रं न काढताच मान हलवली आणि बशी धुऊन लगेच माझ्या हातात दिली. रिकामी. त्याचं काही चुकलं नाही. मी आलं घालून चहा उकळला आणि बांबूच्या किटलीत ओतला, बाईंना कळलं असतं तर त्यांनी डोळे मिटले असते. टवक्यामुळे तो तोटीवरून खाली गळत राहिला आणि टेबलावर तळं झालं. किटलीतून चहा पीत नाहीत हे मग मान्य केलं.

मुलीला हे सगळं फोनवर सांगितलं. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. आमचं तसं ठरलेलंच आहे. "मग जा ना तिला भेटायला," ती म्हणाली.

"तिने नको म्हटलंय."

"तुला? तू तर टेस्टिंगवाली. एकदा एरर आला की लॅपटॉप बंद करतेस का?"

"हा एरर नाही. हा तिचा निर्णय आहे. एखाद्याने दार लावलं की वाजवत बसू नये."

"आई," हा एकच शब्द ती मराठीत म्हणते, "तू अख्खा हिवाळा तिचं दार एका बशीने वाजवत होतीस." आणि बोगदा आला.

मी फोन ठेवला आणि किटलीकडे पाहिलं. तिला खिडकीत ठेवलं होतं. आत काही नव्हतं. तेव्हा लक्षात आलं की बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा मला भांडं रिकामं दिलं होतं. भेट म्हणून दिलं होतं, म्हणजे परत येऊ नये म्हणून. पण भांडं कुणाचं? त्यांच्या घरातून माझ्या घरात आलेलं. ते आमच्या हिशोबाने एकाच दिशेने जाऊ शकत नाही.

शनिवारी बेसन भाजलं. लाडू सुपारीएवढे वळले, किटलीच्या तोंडातून बाहेर काढता येतील असे. रविवारी बंदरावरून फेरीबोट पकडली. पाऊस होता, तो असतोच. पर्यटक वर भिजत कंटेनरचे फोटो काढत होते; मी खाली किटली मांडीवर घेऊन बसले, टॉवेलमध्ये, गळ्यापाशी गाठ मारून. समोरच्या माणसाने बहुधा मांजर समजून दोनदा वाकून पाहिलं.

हाइमच्या बैठकीच्या खोलीत टीव्ही चालू होता आणि त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं. बाई कोपऱ्यात होत्या. जाकीट घातलेलं नव्हतं, घरातला लोकरी स्वेटर होता. हे मी आधी पाहिलं.

"मोइन," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली. "मी सांगितलं होतं येऊ नका."

"मी तुम्हाला भेटायला आलेच नाही. भांडं परत द्यायला आलेय."

"ती भेट होती."

"असेल. माझ्याकडे राहून झाली."

मी किटली त्यांच्या मांडीवर ठेवली. बोटं आपोआप गाठींवर गेली, एकेक करत तोटीपर्यंत, टवक्यापर्यंत. मग त्यांनी ती किंचित उचलली आणि थांबल्या. वजन कळलं.

"आत काय आहे?"

"रिकामं कसं आणणार?"

शेजारच्या खुर्चीतल्या एक आजी म्हणाल्या, "तुमची मुलगी का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ही म्हणजे एक चिकट रोग आहे." मग झाकण काढून एक लाडू चाचपला, वास घेतला, तोंडात टाकला. सावकाश चघळला. "वाळू," त्या म्हणाल्या. "पण चांगली वाळू." शेजारच्या आजींनाही एक दिला. मग म्हणाल्या, "ठेवून जा. तुमची फेरी असेल."

बसा म्हणाल्या नाहीत. मी निघाले. जाताना कळत होतं की डाव मी त्यांच्या हातात दिला आहे. किटली आता त्यांची होती. मला पुन्हा जायला कारण उरलं नव्हतं. त्यांनी ती ठेवून घेतली तर तो शेवट, आणि तोही त्यांना हवा तसा. मी पुन्हा उगाच जाणार नव्हते. वाजवण्यालाही मर्यादा असते.

पुढचा रविवार आला आणि गेला. त्याच्या पुढचाही. मी कामाचे दोन मॉड्यूल जास्त तपासले आणि एका तरुण सहकाऱ्याला नको इतक्या चुका काढून दाखवल्या.

मग एका गुरुवारी फोन वाजला. हाइममधली नर्स होती; बाईंना बोलायचंय म्हणाली.

"तुमचं भांडं इथे पडलंय," बाई म्हणाल्या. "खोली लहान आहे. घेऊन जा."

"केव्हा?"

"रविवारी. चारला इथे कॉफी असते, त्याच्या आधी नको, गर्दी असते."

गेले. त्या खोलीत होत्या, किटली टेबलावर, मी बांधला होता तसाच टॉवेल बांधलेला, गाठ मात्र वेगळी, पक्की, दात बांधणाऱ्या हाताची. त्यांनी मला बसायला सांगितलं. हाइमच्या जेवणाला चव नाही, नर्स चांगली आहे, शेजारच्या आजी रात्रंदिवस लाडवांची चौकशी करतात, असं बोलणं झालं. व्यापाऱ्याने विधवा कुणा डॉक्टरला विकली, हे भाच्याने कळवलं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. त्यांनाही फारसं वाटलेलं दिसलं नाही. सहाला त्या म्हणाल्या, "जा आता. फेरी चुकेल. आणि हे आडवं धरू नका."

फेरीत बसल्यावर किटली मांडीवर घेतली तेव्हा आत काहीतरी सळसळलं. मी गाठ सोडली. त्यांच्याकडे स्वयंपाकघर नाही, बाजार नाही, दुकानापर्यंत जायला पाय नाही, आणि वस्तू पाहून निवडायला डोळे नाहीत. किटलीत काठोकाठ साखरेच्या कागदी पुड्या होत्या, कॉफीबरोबर बशीत मिळतात त्या, आणि मधेमधे एकेकट्या वेष्टनातली बिस्किटं, दोन जॅमच्या छोट्या डब्या. रोज चारच्या कॉफीला एकेक बाजूला ठेवून जमवलेलं असणार. बिनसाखरेची कॉफी त्यांना अजिबात चालत नसे.

मी झाकण बसवलं आणि टॉवेलची गाठ त्यांच्यासारखी मारायचा प्रयत्न केला, जमली नाही. धक्का यायला अजून वेळ होता. पुढच्या रविवारी काय न्यायचं ते ठरवायला लागले. चकल्या त्या तोंडातून आत जाणार नव्हत्या. कडबोळी गेली असती, बारीक केली तर.